आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर डोंबिवलीत, नोकरी मुंबईत. जेवणारी पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सकाळी चार डबे भरायचे असतात. लोकलच्या डब्यात शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या मैत्रिणींनी, इमारतीतल्या शेजारणींनी आणि नुकतंच लग्न झालेल्या भाचीनं मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या स्वयंपाकघरातली आहेत. तुमच्याकडे मासे असतील, भाकरी असेल, माणसं दोनच असतील, तर त्याप्रमाणे फिरवून घ्या.

म्हणजे सोमवारी भेंडी, मंगळवारी गवार असा तक्ता करायचा का?

केला होता मी. रंगीत पेनांनी आखून फ्रिजच्या दारावर लावला होता. तिसऱ्या आठवड्यात तो तिथेच होता आणि आम्ही रोज दुसरंच काहीतरी खात होतो. मंगळवारी बाजारात गवार जून निघाली, बुधवारी शेजारून अळूवड्या आल्या, गुरुवारी फ्रिजमध्ये अर्धा दुधी सापडला. तक्ता पदार्थापासून सुरू होतो आणि घर त्या अर्ध्या दुधीपासून, म्हणून दोघांचं जमत नाही.

आता मी तीनच गोष्टी आधी ठरवते. या आठवड्यात सगळ्यात आधी काय संपवायचं, आज रात्री काय भिजत घालायचं आणि उद्याची भाजी कोण निवडणार. एवढं पक्कं असलं की संध्याकाळी सात वाजता दारात चप्पल काढता काढता ‘आता काय करू?’ हा प्रश्न पडत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बाहेरून मागवलेलं जेवण असतं, आणि ते महाग असतं.

सुरुवात नेमकी कुठून करू?

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर फ्रिजमधला भाजीचा खण ओट्यावर रिकामा करा. खरंच रिकामा करा, नुसतं वाकून बघू नका. खालच्या बाजूला एक मऊ पडलेली काकडी, दोन गाजरं आणि पिशवीत घाम आलेली मिरची सापडतेच. कागदावर वरच्या कोपऱ्यात ‘आधी संपवा’ असं लिहून त्यांची नावं मांडा.

मग कॅलेंडर बघा. चतुर्थी आहे का, एकादशी आहे का, कोणाच्या ऑफिसात जेवण आहे का, मुलांना सुट्टी आहे का. आठवड्याची जेवणं चौदा दिसतात, पण आमच्याकडे मला खरोखर नव्याने करावी लागतात ती अकराच्या आसपास. बाकीची उपवास, लग्नकार्य आणि उरलेलं यांत जातात. चौदा धरून भाजी आणली की तीन जेवणांची भाजी सडणार हे ठरलेलंच. बाजाराची यादी यानंतर करायची. यादी आधी आणि फ्रिज नंतर केला की घरात तीन जुड्या कोथिंबीर होते.

भाज्या कोणत्या क्रमाने वापरायच्या?

ज्या लवकर मरतात त्या आधी. ऐकायला सोपं वाटतं, पण मन नेमकं उलट ओढतं. सोमवारी दमून आल्यावर हात आपोआप बटाट्याकडे जातो, कारण मेथी निवडायची असते. बटाटा काही पळून जात नाही, तो शुक्रवारसाठी ठेवा.

आमच्याकडे रविवारी सकाळी मोठा बाजार होतो. रविवारीच एक पालेभाजी, बहुधा पालकाची पातळ भाजी किंवा चुका. सोमवारी दुसरी: मेथी, लाल माठ, नाहीतर शेपू (मुलं नाकं मुरडतात, मुगाची डाळ घातली की खातात). मंगळवारी भेंडी, गवार, वांगी. या तीन-चार दिवस तग धरतात, पुढे भेंडी काळवंडते आणि वांग्याला सुरकुत्या पडतात. बुधवारी उसळ, म्हणजे भाजीला सुट्टी. गुरुवारी कोबी, फ्लॉवर किंवा दुधी. शुक्रवारी बटाटा, लाल भोपळा, सुरण किंवा सरळ पिठलं. शनिवार मी कोराच ठेवते.

बुधवारी परतताना स्टेशनबाहेर फक्त कोथिंबीर, लिंबं आणि एखादी पालेभाजी घेते. आठवड्याची सगळी पालेभाजी एकदम आणून साठवणं मला आजवर जमलेलं नाही. कोणाला जमत असेल तर तिचा फ्रिज माझ्यापेक्षा चांगला आहे.

ठेवण्याबद्दल थोडं. पालेभाजी धुऊन ठेवू नका, ओल राहिली की ती आतून सडते. मुळं कापून, पिवळी पानं काढून सुती कापडात गुंडाळा. कोथिंबिरीचंही तेच, डब्याच्या तळाशी कोरडं फडकं टाका. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे फ्रिजमध्ये नकोत, त्यांतल्या पिष्टाची साखर होते आणि चव बदलते. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर, पिकल्यावर आत. केळी इतर फळांपासून लांब, कारण पिकणाऱ्या केळ्यातून निघणारा वायू शेजारच्यांनाही घाईनं पिकवतो.

कडधान्य भिजवायचं नेहमी विसरते. काय करू?

माझ्या मते सगळ्या नियोजनाचं मूळ इथेच आहे. कडधान्य स्वस्त, टिकाऊ, पोटभरीचं. पण त्याला एक दिवस आधी सांगावं लागतं, आणि आपण ते सांगायला विसरतो.

मी एक युक्ती केली. रात्री दही विरजायला दूध कोमट करते, तेव्हाच दुसऱ्या भांड्यात भिजवण घालते. एका सवयीला दुसरी बांधली. तुमच्याकडे दही विकतचं असेल तर गॅस पुसणं, दाराला कडी लावणं, जे रोज न चुकता होतं त्याला बांधा. फोनवर गजर लावण्याचा प्रयोग मी करून पाहिला. गजर वाजतो, आपण तो बंद करतो आणि झोपतो.

मोडांचा हिशेब लक्षात ठेवा. बुधवारी संध्याकाळी मटकीची उसळ हवी असेल तर मंगळवारी सकाळी भिजवायची, रात्री पाणी काढून फडक्यात बांधायची. बुधवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. मे महिन्यात त्याही आधी येतात, जानेवारीत गाठोडं पिठाच्या डब्याजवळ किंवा बंद ओव्हनमध्ये उबेला ठेवावं लागतं. एक वाटी मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते. पाच माणसांना दीड वाटी पुरून उरते, आणि उरलेल्या उसळीची दुसऱ्या दिवशी सकाळी फरसाण घालून मिसळ होते.

छोले, राजमा, काळे वाटाणे यांना रात्रभर भिजू द्या. मी एकदम अर्धा किलो छोले भिजवून शिजवते, एक वेळचे वापरते आणि दोन वेळचे डब्यांतून फ्रीझरमध्ये टाकते. राजम्याबाबत एक गोष्ट कधीही टाळू नका: भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि राजमा कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा खरोखरच बाधतो, उलट्या-जुलाब होतात.

आणि विसरलातच, तर मसूर आहे. अख्खा मसूर न भिजवताही कुकरात शिजतो. मुगाची डाळ आहे. कुळथाचं पीठ घरात असेल तर दहा मिनिटांत कुळथाचं पिठलं आणि गरम भात.

पैसे खरंच वाचतात का? कुठे?

भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करून तर नाहीच वाचत. वाचतात ते तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण कचऱ्याचा डबा. पंधरा दिवस फेकलेल्या भाजीची यादी ठेवा, फक्त नाव आणि अंदाजे किंमत. मी ठेवली तेव्हा कळलं की मी दर आठवड्याला कोथिंबिरीची निम्मी जुडी फेकते, कारण ‘असू दे घरात’ म्हणून घेते.

दुसरं ठिकाण फोन. दहा मिनिटांत घरपोच सामान येतं ही सोय खरी आहे, तापात पडले होते तेव्हा मीही तिला दुवा दिला. पण एक नारळ मागवायचा असतो आणि घरपोच आणण्याचे पैसे वाचावेत म्हणून आपण त्यात वेफर्स, चॉकलेट आणि घरात आधीच असलेला टोमॅटो सॉस टाकतो. यादी असली की हे होत नाही, कारण नारळ रविवारीच आलेला असतो.

तिसरं ठिकाण ऋतू. पावसाळ्यात पालेभाजी महाग असते आणि चिखलानं भरलेलीही. त्या महिन्यांत उसळी, डाळी, फळभाज्या, वाळवणातले सांडगे यांच्यावर भर द्या. डिसेंबर ते फेब्रुवारी मटार स्वस्त असतो, तेव्हा चार-पाच किलो आणून सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून सोला. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढा, कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. २०२३च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा आमच्या इमारतीत हलकल्लोळ झाला. सासूबाई शांत होत्या. चिंच-गुळाच्या आमटीला, आमसुलाच्या साराला टोमॅटो कधी लागतच नव्हता, आपणच तो घालायला लागलो, असं त्या म्हणाल्या. तो महिना आम्ही चिंचेवर काढला आणि कोणाचंही काही अडलं नाही.

वाणसामान महिन्याचं भरावं की आठवड्याचं?

तांदूळ, गहू, डाळी, तेल, साखर, चहा महिन्याचं. रवा, पोहे, बेसन थोडं थोडं, कारण पावसाळ्यात रव्याला जाळी धरते. मोठं पुडकं नेहमी स्वस्त असतं असं समजू नका. पुड्यावरची किंमत वजनाने भागून बघा, कधीकधी अर्ध्या किलोचे दोन पुडे एक किलोपेक्षा स्वस्त पडतात. आणि पाच माणसांच्या घरात ‘एकावर एक मोफत’ नाचणी बिस्किटं संपत नाहीत, हे मी स्वखर्चाने शिकले आहे.

वर्षाचे गहू भरायची पद्धत सासूबाईंच्या काळी होती. एप्रिल-मेमध्ये ऊन दाखवायचं, एरंडेल तेलाचा हात द्यायचा, कोठीत भरायचं. जागा आणि ऊन दोन्ही असेल तर जरूर करा. आमच्या गॅलरीत ऊन सकाळी नऊ ते साडेदहा येतं.

रविवारी सगळं चिरून ठेवलं तर?

सगळं नको. चिरलेली भेंडी चिकट होते, वांगं आणि बटाटा काळे पडतात, कांद्याचा वास अख्ख्या फ्रिजला लागतो. फरसबी, गाजर, फ्लॉवरचे तुरे, सोललेला लसूण, निवडलेली पण न धुतलेली पालेभाजी, एवढं ठेवा.

खरा वेळ भाजी चिरण्यात जात नाही, वाटणात जातो. म्हणून माझा रविवारचा एक तास वाटणाचा. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटते, बर्फाच्या साच्यात भरून गोठवते आणि वड्या पिशवीत काढून ठेवते. दोन वड्यांत एक उसळ होते. दाण्याचं कूट बरणीभर. ओल्या खोबऱ्याचा चव फ्रीझरमध्ये. चिंचेचा कोळ आठवड्यापुरता, फ्रिजमध्ये. आलं-लसणीचं वाटणही साच्यात गोठवूनच ठेवा. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर ठेवू नका. हवा न लागलेल्या लसणीत जीवघेणं विष तयार होऊ शकतं आणि ते वासावरून ओळखू येत नाही.

कुकर लावताना रिकामा डबा ठेवू नये असा माझा नियम आहे. खाली डाळ, मध्ये तांदूळ, आणि वरच्या डब्यात उद्यासाठी काहीतरी: बटाटे, बीट, भोपळ्याच्या फोडी. गॅस तोच, शिट्ट्या त्याच.

शिजवलेलं अन्न किती दिवस चालतं?

फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या खाली असेल तर भाजी, आमटी, उसळ तीन दिवस. मी दोनच धरते, कारण आमच्याकडे फ्रिजचं दार दिवसभर उघडत असतं. ओल्या नारळाचं काहीही दुसऱ्या दिवशी संपवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात एकच तास धरा. मोठं पातेलं तसंच आत सरकवण्यापेक्षा उथळ डब्यांत काढा, म्हणजे ते लवकर निवतं.

भाताबद्दल विशेष सांगते, कारण फोडणीचा भात हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष सकाळी खमंग फोडणी दिल्यानेही जात नाही. फोडणीचा भात खुशाल करा, फक्त भात रात्रीच फ्रिजमध्ये गेलेला असू द्या. ‘आमच्या लहानपणी कुठे होते फ्रिज?’ हे सासूबाई मला ऐकवून झाल्या आहेत. त्या काळी भात मोजून लावत, उरतच नसे, हेही त्यांनीच सांगितलं.

कणीक आदल्या रात्री मळून ठेवली तर चालते?

चालते. थोडी घट्ट मळा, तेलाचा हात लावा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि लाटण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी वरून करडी पडते. ती वाईट नसते, पण पोळी वातड होते. मी एका रात्रीपुरतीच ठेवते. भाकरीचं पीठ मात्र आयत्या वेळीच, ते मळून ठेवलं की भाकरीला चिरा पडतात.

अंदाज हवा असेल तर एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३५ ते ४० पोळ्या होतात. पोळ्यांना बाई असेल तर हा आकडा उपयोगी पडतो.

श्रावणात आणि उपवासात सगळं कोलमडतं. तेव्हा?

उलट श्रावण नियोजनाला सोपा, कारण पंचांग आपल्यासाठी निम्मं काम करून ठेवतं. आमच्याकडे सासूबाई चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं खात नाहीत. म्हणून त्या चार महिन्यांत वाटण दोन प्रकारचं. त्यांच्यासाठी खोबरं, जिरं, आलं यांचं वेगळ्या साच्यात, झाकणाला लाल दोरा. एकच भाजी दोन कढयांत करण्यापेक्षा वांग्या-कांद्याच्या भाज्याच कमी करते.

साबुदाणा आदल्या रात्री धुऊन, जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवून भिजवा. वऱ्याच्या तांदळाबाबत सावध राहा: दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि त्यातून विषबाधेच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. सुटा, जुना घेऊ नका, लागेल तेवढाच बंद पुड्यातला आणा. पीठ हवं असेल तर आयतं न आणता निवडून, धुऊन, वाळवून घरी दळा.

मी एकटाच राहतो. माझ्यासाठी हे सगळं कशाला?

तुमच्यासाठी खरं तर जास्त, कारण अर्धा कोबी एकट्याला संपत नाही. दोन फळभाज्या, एक कडधान्य, अंडी, दही, पोहे एवढ्यावर आठवडा निघतो. शेजारच्या खोलीतल्या मित्राबरोबर जुडी वाटून घ्या. पोळ्या विकत आणल्या तर त्यात लाज कसली?

घरात विचारलं की सगळे ‘काहीही कर’ म्हणतात.

आणि केलं की ‘पुन्हा हेच?’ म्हणतात.

याचा उपाय मी उशिरा शोधला. शनिवारी रात्री कागद माझ्याकडे असतो, पण प्रत्येकाने एक जेवण सांगायचं आणि त्याची एक जबाबदारी उचलायची. मोठ्या मुलीनं पावभाजी सांगितली तर मटार सोलणं तिचं. नवऱ्याने भरली वांगी सांगितली तर वांगी निवडून आणणं आणि दाणे भाजणं त्याचं. पहिल्या महिन्यात त्याने आणलेल्या वांग्यांत बियाच बिया होत्या. मी काही बोलले नाही, तीच केली आणि तीच वाढली. आता तो देठ बघून घेतो.

नियोजन म्हणजे बाईच्या डोक्यात आणखी एक वही, असं होणार असेल तर त्यापेक्षा रोजचा गोंधळ परवडला.

ॲप वापरावं की वही?

पाठकोरा कागद. ओल्या हातांनी धरता येतो आणि सगळ्यांना दिसतो.

अचानक पाहुणे आले तर?

मुगाची खिचडी, कढी, पापड, लोणचं. यासाठी लागणारं घरात कायम असतंच, यादीत वेगळं लिहावं लागत नाही. ताक तेवढं नसलं तर टोमॅटोचं सार, किलोचा भाव बघून.

ठरवलेलं बुधवारीच फिसकटलं तर?

फिसकटतंच. गाडी उशिरा येते, मूल आजारी पडतं, शेजारी वाढदिवस निघतो. बुधवारचं गुरुवारवर ढकलायचं, गुरुवारचा कोबी शनिवारवर. शनिवार कोरा ठेवला तो यासाठीच. फक्त मोड आलेली मटकी ढकलताना फ्रिजमध्ये टाका, नाहीतर शुक्रवारपर्यंत शेपट्या फुटतात आणि वास येतो.

उरलेल्या पोळ्यांचं काय?

फोडणीची पोळी, म्हणजे कुस्करा. हातानेच कुस्करा, मिक्सरमध्ये भुगा होतो. कांदा, कढीलिंब, दाणे, वर ओलं खोबरं आणि लिंबू. गोड हवं असेल तर गूळ-तूप घालून लाडू वळा. आमच्याकडे शुक्रवारी रात्री मुलं भूक असूनही एकेक पोळी कमी खातात, ते शनिवार सकाळवर डोळा ठेवून. हल्ली मी शुक्रवारी चार पोळ्या जास्तच धरते.